काळी चार मुकी आहे: कॉर्ग पीएस-३१०० च्या नोंदी

११ जानेवारी

गेलो होतो टेपरेकॉर्डर बघायला. ज्या स्टुडिओत मी अधूनमधून दुरुस्तीची कामं करतो, तिथले जुने ध्वनिमुद्रक काका निवृत्त झालेत, पण गोदामाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते. टेपरेकॉर्डरची मोटर जाम निघाली, तो विषय पाच मिनिटांत संपला. उठायला म्हणून शेजारच्या खोक्यावर हात टेकला तर त्यावरची ताडपत्री घसरली. खाली पियानोसारख्या पट्ट्या, वर नॉबची गर्दी आणि उजव्या अंगाला जॅकची भोकंच भोकं.

"ऑर्गन आहे तो. बंद पडलाय. राहू दे झाकलेला."

ऑर्गनला पॅच-कॉर्डची, म्हणजे सुट्या जोडतारांची, भोकं कशाला लागतील? मोबाइलचा टॉर्च लावला आणि नाव वाचलं. मग काकांना म्हटलं, "काका, हा मला द्या. दुरुस्त करून परत आणतो." ते म्हणाले, "परत आणशील ते बघू. उचलायला मात्र मला बोलावू नकोस."

१२ जानेवारी

रात्रभर वाचत बसलो. पीएस-३१०० हा सिंथेसायझर जपानच्या कॉर्ग कंपनीने १९७७ मध्ये आणला. आराखडा फुमिओ मिएदा यांचा, म्हणजे ज्यांनी आधी युनि-व्हाइब हे गिटारचं इफेक्ट यंत्र केलं होतं तेच. याचाच मोठा भाऊ पीएस-३३००, ज्याचे जेमतेम पन्नास नग बनले. माझ्याकडे आहे तो धाकटा, पण धाकटाही रोज कोणाच्या गोदामात सापडत नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी की याला ४८ पट्ट्या आहेत आणि ४८ च्या ४८ एकदम वाजतात. शेजारी ठेवून बघायचं तर त्याच वर्षीचा यामाहा सीएस-८० आठ सूर वाजवायचा आणि १९७८ चा प्रॉफेट-५ पाच. प्रॉफेटने शहाणपणा केला: मोजकेच आवाज ठेवले आणि कोणती पट्टी दाबली की कोणता आवाज मोकळा आहे हे ठरवायला आत मायक्रोप्रोसेसर बसवला. इथे ती भानगडच नाही. प्रत्येक पट्टीमागे तिचा स्वतःचा फिल्टर (आवाज उजळ की मंद ते ठरवणारा), स्वतःचं एन्व्हलप (सूर कसा उमलतो आणि विरतो ते), स्वतःचा व्हीसीए (आवाजाची पातळी सांभाळणारा). अठ्ठेचाळीस वेळा तेच. पीएस-३३०० मध्ये तिप्पट, म्हणजे १४४ वेळा. हा हिशेब कागदावर ज्याने मांडला त्याला कोणी अडवलं कसं नाही याचंच मला नवल वाटतंय.

१४ जानेवारी

दोघांनी मिळून टेबलावर चढवला. पाठीतून कळ आली.

आज फक्त सफाई. धुळीचा थर इतका की व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी दोनदा झटकावी लागली. पॅनेल आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चिंधीने पुसायला घेतलं. एका भागात बारा बारकी नॉब आहेत आणि त्यांच्याभोवती कोणीतरी पेन्सिलीने रेघोट्या मारून ठेवल्यात. तीन पुसल्या तेवढ्यात फोन आला, मग बाकीचं पॅनेल राहिलं ते राहिलंच.

१९ जानेवारी

वीज. हा जपानी बाजारासाठीचा नग, १०० व्होल्टचा. थेट भिंतीत खुपसला असता तर ही नोंदवही इथेच संपली असती. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आणि त्याच्या मागे ६० वॅटचा जुना फिलामेंटचा दिवा मालिकेत जोडला. जुन्या यंत्राला पहिल्यांदा वीज देताना मी हा दिवा लावतोच. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो.

क्षणभर उजळला. मंद झाला. श्वास सोडला.

पण सप्लायच्या आउटपुटवर ऑसिलोस्कोप लावला तर सपाट रेघेऐवजी करवतीचे दाते. मोठे फिल्टर कॅपॅसिटर वाळलेत. एकाची टोपी फुगलेली, बोटाने चाचपली तर लागते. सगळे मोठे बदलायचे ठरवलं. सुटा एकच बदलून पुढच्या वर्षी दुसऱ्यासाठी हे धूड पुन्हा उघडायची माझी तयारी नाही.

२२ जानेवारी

कॅपॅसिटर बदलले. १०० हर्ट्झची घरघर गेली. पट्टी दाबली, आणि आवाज आला.

वर्णन करायचा मोह आवरतो, कारण तो आवाज सुरेल नव्हता. नॉबखालच्या गंजलेल्या पॉटची खरखर, पाच-सहा पट्ट्या मुक्या, एक सूर पट्टी सोडली तरी मागे रेंगाळणारा. पण डाव्या हाताने खालचा एक सूर धरला आणि उजव्या हाताने वर एकेक दाबत गेलो तेव्हा कळलं की हे काय प्रकरण आहे. त्या काळच्या बऱ्याचशा स्ट्रिंग मशीनमध्ये सगळ्या सुरांना मिळून एकच एन्व्हलप असतं. एक सूर धरलेला असताना दुसरा दाबला की तो उघड्या दारातून आत आल्यासारखा येतो, त्याची स्वतःची सुरुवात नसते. इथे प्रत्येक सूर आपापलं दार उघडून येतो. दहा बोटं टेकवली तर दहा दारं.

२६ जानेवारी

मुक्या पट्ट्यांची यादी केली. त्यातल्या बऱ्याच एकट्यादुकट्या आहेत, म्हणजे पट्टीखालचे संपर्क काळे पडलेत, एवढंच. पण काळी चारचं, पेटीच्या भाषेत सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचं, दुखणं वेगळं आहे. चार सप्तकांत चार काळ्या चार. वरच्या दोन वाजतात, खालच्या दोन मुक्या.

मग सप्तक बदलायचा स्विच (त्यावर ऑर्गनसारखे फुटांचे आकडे असतात) ८ वरून १६ फुटांवर नेला, म्हणजे सगळा स्वर एक सप्तक खाली. आता तीन मुक्या, फक्त सगळ्यात वरची वाजते. ४ फुटांवर, म्हणजे एक सप्तक वर, आणला तर फक्त सगळ्यात खालची मुकी. पट्ट्या त्याच, बोट तेच, पण मुकेपणा सप्तकागणिक सरकतो! म्हणजे दोष पट्टीत नाही, तिच्या फिल्टरमध्येही नाही. दोष सुराच्या उगमापाशी आहे.

यात बारा मूळ ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, आहेत, वरच्या सप्तकाच्या बारा सुरांसाठी एकेक. खालची सप्तकं त्यांनाच दोनने भागत भागत मिळतात. काळी चारचा झरा वरती वाहतोय, पण भागाकाराच्या एका पायरीपाशी आटतो आणि तिथून खाली सगळं कोरडं. यंत्र न उघडता, नुसता एक स्विच फिरवून एवढं कळलं. ज्याने आराखडा केला त्याला मनातल्या मनात नमस्कार.

२ फेब्रुवारी

नमस्कार करून झाला आणि मग मी गाढवपणा केला.

भागाकाराची चिपच गेली असणार असं धरून चाललो. बोर्ड बाहेर काढला, चिप उचलायला घेतली, घाईत एका पायाखालची तांब्याची टिकली सोल्डरबरोबर उचकटून आली. जुनी फिनॉलिक प्लेट, जरा उष्णता जास्त झाली की सालपटं निघतात, हे मला ठाऊक आहे आणि तरीही. नवी चिप बसवली, तुटलेल्या टिकलीच्या जागी बारीक तार ओढली. दोन तास.

काळी चार मुकीच.

३ फेब्रुवारी

सकाळी डोकं थंड असताना बोर्ड भिंगाखाली धरला. बोर्डाच्या कडेला जिथे कनेक्टर बसतो, तिथे एका पायाभोवती केसाएवढं गोल वर्तुळ. सोल्डरला भेग. पेनाच्या टोकाने कनेक्टर जरा दाबला की काळी चार खणखणीत, सोडला की गप्प. पुन्हा सोल्डर लावलं, तीस सेकंदांचं काम.

जुनी चिप डबीत जपून ठेवली आहे. बिचारीचा काही गुन्हा नव्हता.

९ फेब्रुवारी

पट्ट्यांचे संपर्क साफ केले. रेंगाळणारा सूर सापडला, त्याच्या व्हीसीएपाशी एक ट्रान्झिस्टर गळत होता. हे शोधणं मात्र मजेचं होतं. एरवी बिघडलेला बोर्ड हातात आला की चांगला बोर्ड कसा असतो हे माहीत नसतं, अंदाजाने चालावं लागतं. इथे शेजारी तंतोतंत तसेच सत्तेचाळीस उभे. प्रोब इकडे लाव, तिकडे लाव, फरक कुठे सुरू होतो ते बघ. बस.

४८ पैकी ४८ बोलू लागल्या.

१५ फेब्रुवारी

आज हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला नाही. पाच तास वाजवला.

सगळ्यात जास्त वेळ गेला रेझोनेटरवर. म्हणजे तीन उंचवटे. ज्या तीन ठिकाणी लावाल तिथले स्वर फुगतात, बाकीचे मागे राहतात. आपलं तोंडही हेच करतं, गळ्यातून येणारा सूर तोच, जिभेने आणि ओठांनी उंचवटे हलवायचे की ऊचा आ होतो. तिन्ही नॉब हळूहळू फिरवत गेलो तर मधेच एका जागी मशीन स्पष्ट "ओ" म्हणालं. मग मॉड्युलेशन जनरेटरचा, म्हणजे आपोआप हेलकावे देणाऱ्या भागाचा, सगळ्यात संथ वेग लावला आणि उंचवटे त्याच्या हवाली केले. सात सुरांचा गुच्छ धरला. गुच्छ तोंड उघडत होता, मिटत होता.

दुसरी गोष्ट, हे ४८ जण जुळे नाहीत. सगळ्यांचे फिल्टर एकाच नॉबवर, तरी मधल्या सप्तकातली पांढरी सहा शेजाऱ्यांपेक्षा उजळ आहे, आणि तिच्या वरची पट्टी किंचित उशिरा उमलते. आत प्रत्येकीला ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा बारीक स्क्रू, असेल तर तासाभरात सारखं करता येईल. करणार नाही. समूहगायनात सगळे एकाच गळ्याचे असतील तर ते समूहगायन कसलं?

१६ फेब्रुवारी

कालचा आवाज आज सापडेना. याला मेमरी नाही. कॉर्गने २०२४ मध्ये पीएस-३३०० नव्याने आणायची घोषणा केली, त्यात मेमरी आहे, आणि एक पट्टी जास्त, ४९. माझ्याकडे वही आहे. पॅनेलचं चित्र काढून झेरॉक्स मारल्या, प्रत्येक नॉबसाठी एक गोल. आवडलेला आवाज मिळाला की गोलांत काटे काढायचे. घड्याळजीच्या दुकानासारखा दिसतो कागद.

२२ फेब्रुवारी

बारा बारक्या नॉबकडे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. टेम्परामेंट अ‍ॅडजस्ट. बारा सुरांपैकी प्रत्येकाला स्वतंत्रपणे चढवता-उतरवता येतं.

हे का जमतं ते आधी लक्षात आलं नव्हतं. त्या काळच्या अनेक ऑर्गनमध्ये आणि स्ट्रिंग मशीनमध्ये एकच घड्याळ असतं आणि त्याला बारा वेगवेगळ्या आकड्यांनी भागून बारा सूर काढतात. ते एकमेकांना जखडलेले असतात, कधी बेसूर होत नाहीत आणि कधी सुरेलही होत नाहीत. इथे बारा ऑसिलेटर बारा जागी सुटे. म्हणून तापेपर्यंत अर्धा तास हे मशीन भरकटतं, आणि त्याच सुटेपणामुळे त्याला हवं तसं जुळवताही येतं.

करून पाहिलं. मधली पांढरी एक हा सा धरला, वर गंधार. समान अंतराच्या सप्तकात हा गंधार ४०० सेंटवर असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे शंभर सेंट). तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ वर. फरक चौदा सेंट, ऐकायला किरकोळ वाटतो. पण साचा पाचवा स्वरांश, म्हणजे त्याच्यातच दडलेला पाचपट वेगाचा सूर, १३०८ हर्ट्झवर आणि गंधाराचा चौथा १३१८ च्या जरा वर, म्हणजे दोघांची टक्कर सेकंदाला दहा वेळा. शाळेतले विस्पंद. फिल्टर उघडा ठेवला की ही थरथर अगदी उघडी पडते, आणि इतकी वर्षं मी तिलाच "अ‍ॅनलॉगचा गोडवा" म्हणत आलोय.

पांढरी तीनचा नॉब उतरवत गेलो. दहा, सात, चार. मग एकेक लहर मोजता येईल इतकी संथ. मग थांबली.

थांबली म्हणजे काय झालं ते सांगतो. दोन सूर वाजत होते ते नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी एकच काहीतरी उभं राहिलं, रुंद आणि स्थिर, आणि खाली दोन सप्तकांवर, जिथे मी काहीच दाबलं नव्हतं, तिथे एक सा घुमायला लागला. आणि भागाकारामुळे एक नॉब जुळवला की चारही सप्तकांतला गंधार जुळतो, पुन्हा जुळवायला नको.

२३ फेब्रुवारी

पहाटे जाग आली ती एकाच विचाराने: पेन्सिलीच्या रेघोट्या.

टॉर्च घेऊन गेलो. त्या रेघोट्या नव्हत्याच. प्रत्येक नॉबभोवती एकेकच बारीक खूण, टोकदार पेन्सिलीने, मधल्या रेघेच्या जरा इकडे किंवा जरा तिकडे. कोणीतरी हे मशीन सुरात लावून ठेवलं होतं आणि परत लावता यावं म्हणून खुणा केल्या होत्या. नऊ शिल्लक आहेत. पांढरी एक, काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मी पुसल्या.

पहिल्या दिवशीचे फोटो काढून पाहिले. नेमक्या त्या कोपऱ्यावर ताडपत्रीची घडी.

१ मार्च

आतल्या ट्रिमरना हात लावला नव्हता हे नशीब, नाहीतर उरलेल्या नऊ खुणाही निरर्थक झाल्या असत्या. मशीन दीड तास तापवलं, नऊ नॉब खुणांवर आणले आणि ट्यूनर लावला. इतक्या वर्षांत ऑसिलेटर थोडेफार सरकले असणार, तेव्हा चार-पाच सेंट इकडेतिकडे सोडून द्यायचे.

प्रश्न हा की सा कुठे होता. पांढरी सहा पंधरा सेंट उतरलेली, पांढरी तीन दहा उतरलेली, काळी चार तेरा चढलेली. हे पांढरी एकचा सा धरूनही बसतं आणि पांढरी चारचा सा धरूनही बसतं, दोन्हीकडे बहुतेक खुणा जवळपास त्याच पडतात. निकाल लावला काळी तीनने. पांढरी एकचा सा असेल तर ती तीव्र मध्यम, दहाएक सेंट उतरायला हवी. पांढरी चारचा सा असेल तर ती कोमल रिषभ, बाराएक चढायला हवी. खूण अकरा सेंट वर आहे. सा पांढरी चार.

२ मार्च

काकांना फोन केला. पांढरी चार म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक बाई यायच्या गायला. खालच्या पट्टीतल्या. त्यांना ऑर्गन चालायचा नाही, बेसूर आहे म्हणायच्या. एके दिवशी दुपारभर त्या आणि वाजवणारा पोरगा आत बसले होते, दार लावून. मला वाटलं भांडतायत."

"खुणा कोणी केल्या?"

"पेन्सिल माझी नेली होती. परत दिली नाही."

८ मार्च

पुसलेल्या तीन खुणांचं गणित मांडलं. सा पांढरी चार म्हणजे पांढरी एक हा पंचम. त्याची जागा वादातीत, दोन सेंट वर. टॉर्च अगदी आडवा धरला तर त्याच्या खुणेची पुसट खाच रंगात अजून दिसते, आणि ती तिथेच आहे. काळी एक कोमल धैवत, चौदा वर धरायला हरकत नाही.

उरला पांढरी दोनचा शुद्ध धैवत, आणि नेमकं त्याचं उत्तर दोन प्रकारे येतं. साशी जुळवायचा तर सोळा सेंट खाली. मग सा-ध निवांत, पण रे-ध एकत्र दाबले की मधल्या सप्तकात सेकंदाला सातएक लहरी, गुरगुर. रिषभाशी जुळवायचा तर सहा सेंट वर. मग रे-ध निर्मळ, आणि सा-ध सेकंदाला अकरा वेळा थरथरतो. दोन जागांमध्ये बावीस सेंटचं अंतर. त्या दुपारी दार लावून बहुधा यावरच चाललं असावं, आणि ठरलं ते खुणेत होतं, आणि खूण माझ्या चिंधीत गेली. इथे टॉर्चलाही काही दिसत नाही.

संध्याकाळी काका आले. आधी खालचा धैवत ऐकवला, मग वरचा. त्यांनी डोळे मिटून पुन्हा खालचा मागितला. मग वरचा. मग खालचा.

"बाईंचा कुठला होता?" मी विचारलं.

"त्या गात असल्या की मी मीटरच्या काट्याकडे बघत असायचो रे."

अकरा नॉबवर नव्या पेन्सिलीने खुणा करून घेतल्या. पांढरी दोनच्या नॉबवर केली नाही. काका जाताना पेन्सिल घेऊन गेले.